जपानी अझेलिया दर जुलैत पिवळी पडते, कळ्या वाळतात: खत घालायच्या आधी बुंधा उकरून बघा

आधी प्रॉब्लेम नीट सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. बुटकी सदाहरित जपानी अझेलिया, म्हणजे इथे इंग्लंडात गार्डन सेंटरला एप्रिल-मेमध्ये फुलांनी इतकी लगडलेली असते की पान दिसत नाही, ती. घरी आणली, लावली, पहिल्या वर्षी मस्त. दुसऱ्या वर्षी जुलै लागला की शेंड्याची नवी पानं पिवळी पडायला लागतात पण शिरा मात्र हिरव्याच राहतात, पिवळ्या पानावर कुणी हिरव्या पेनाने जाळी काढल्यासारखं दिसतं. ऑगस्टमध्ये कडा करपतात, हिवाळाभर झाड कसंबसं तग धरतं, मग वसंतात कळ्या येतात पण त्यातल्या अर्ध्या उमलतच नाहीत, तपकिरी होऊन जागच्या जागी वाळतात, चिमटीत धरल्या की चुरा. खत किंवा टॉनिक घातलं की तीन-चार आठवडे बरं वाटतं आणि पुढच्या जुलैला परत तेच.

आमच्याकडे हे चक्र २०२० पासून २०२२ पर्यंत दरवर्षी चाललं. आम्ही स्लावला राहतो, लंडनच्या पश्चिमेला, मागे छोटीशी बाग, चिकणमातीची. २०१९ च्या मेमध्ये तीन झाडं आणली होती, तिन्ही हिनो क्रिमसन, गडद लाल. ही जात फार वाढत नाही, वर्षानुवर्षं गुडघ्या-मांडीएवढीच राहते आणि हिवाळ्यात पानं अंगावर ठेवते, म्हणून पॅटिओच्या कडेला लावायला अगदी योग्य वाटली. तीनपैकी एक मेलं. ते मेलं आणि मी ते उपटलं म्हणूनच मला कारण कळलं, नाहीतर मी अजून टॉनिकच ओतत बसले असते.

आता कारण सांगायच्या आधी एक महत्त्वाचं, पिवळं पान म्हटलं की सगळे एकच औषध सांगतात, तसं नसतं हो. कुठलं पान पिवळं पडतंय ते बघा. शेंड्याचं नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर झाडाला लोह मिळत नाहीये, आणि लोह न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा चुना. नवं-जुनं सगळंच झाड सारखं फिकट पोपटी दिसतंय तर ते उपाशी आहे, नायट्रोजन कमी पडतोय, त्याला खताने खरंच फरक पडतो. पानावर बारीक पांढरट ठिपके आणि पान उलटं केलं की खाली काळे चिकट डाग, तर तो लेस बग नावाचा किडा, त्याचा मातीशी संबंध नाही. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फांदीच्या खालच्या बाजूची जुनी पानं पिवळी-केशरी होऊन गळतायत, शेंड्याची मात्र ठणठणीत आहेत, तर काहीच करू नका. हे झाड सदाहरित म्हणतात पण त्याला पानं दोन प्रकारची येतात, वसंतात येतात ती मोठी आणि पातळ, ती पानगळीत गळतात, आणि उन्हाळ्यात शेंड्याला येतात ती लहान आणि जाड, ती हिवाळाभर राहतात. मी पहिल्या ऑक्टोबरला ही गळ बघून घाबरून खत घातलं होतं, थंडीच्या तोंडावर, जे अजिबात करू नये कारण त्याने कोवळा फुटवा येतो आणि पहिल्याच दहिवरात, म्हणजे फ्रॉस्टमध्ये, तो काळा पडतो.

तर आमचं झाड. २०२२ चा उन्हाळा इथल्या लोकांना आठवत असेल, १९ जुलैला लिंकनशायरमध्ये ४०.३ डिग्री नोंदवलं गेलं, इंग्लंडात पहिल्यांदाच चाळिशी ओलांडली, आणि ऑगस्टमध्ये आमच्या भागात होजपाइपवर बंदी आली. मी बादलीने पाणी घालत होते, रोज संध्याकाळी, मनापासून. वरची माती कायम ओली दिसायची. तरी मधलं झाड सप्टेंबरात पूर्ण वाळलं. ऑक्टोबरमध्ये ते काढायला गेले तर खुरप्याने फार खणावंही लागलं नाही, बुंध्याला धरून ओढलं आणि अख्खा गड्डा उचलून हातात आला, तोही कुंडीच्या आकाराचा! साडेतीन वर्षं जमिनीत राहूनही मुळांचा गोळा जसाच्या तसा, प्लास्टिकच्या कुंडीतून नुकता काढल्यासारखा, तळाशी मुळं गोल गोल फिरलेली. बाहेरून चिखल लागलेला, ओला. मी तो मधोमध फोडला तर आत कोरडाठाक, नारळाच्या काथ्यासारखा हलका, तपकिरी भुसा उडाला अक्षरशः. बाहेर पाणी आणि आत दुष्काळ.

दुसरी गोष्ट तेव्हाच दिसली. खोडाचा जो भाग जमिनीच्या वर असायला हवा तो चांगला चार बोटं मातीखाली गेलेला होता, तिथली साल मऊ, काळपट, नखाने निघत होती. आणि त्याच्याही वरून, अगदी मातीच्या पृष्ठभागाजवळ, केसांसारखी बारीक नवी मुळं फुटली होती. झाड वर यायचा प्रयत्न करत होतं. ते बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण ती माती आम्हीच घातली होती.

ते असं झालं की २०१९ ला आई सहा महिने आमच्याकडे होती. तिचा हात बागेला फार चांगला आहे, साताऱ्याला अंगणातला मोगरा, जास्वंद, कढीपत्ता सगळं तिच्या हाताचं. तिने इथे पण तेच केलं जे आपण सगळे करतो. दर पंधरा दिवसांनी बुंध्याभोवती खुरपून माती भुसभुशीत करायची, छान आळं करायचं, बुंध्याला मातीची भर द्यायची, चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं टाकायची, कधी बार्बेक्यूची राख. आणि तिचं बघून मीही पुढे तीन वर्षं तसंच करत राहिले. मोगऱ्याला हे सगळं मानवतं. अझेलियाच्या बाबतीत यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी बसते आणि हेच मला मुख्यतः सांगायचंय, कारण इथल्या मराठी घरांमध्ये मी हेच बघते, लोक काळजी घेत नाहीत म्हणून हे झाड मरत नाही, आपली नेहमीची काळजी त्याला चालत नाही म्हणून मरतं.

खुरपणी घ्या. अझेलियाची मुळं जाड नसतातच, ती केसांच्या जटेसारखी असतात आणि बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत पसरतात. खुरपं लावलं की तुटतात. भर घातली की त्यांना हवा मिळत नाही. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सरळ चुनाच, आणि लाकडाची राखही माती अल्कली करते. या झाडाला आम्ल माती लागते, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मधलं, त्याखाली आम्ल) साधारण ४.५ ते ६. त्याच्यावर गेलं की मातीत लोह असूनही उपयोगाचं राहत नाही, ते न विरघळणाऱ्या रूपात जातं, गंज पाण्यात पडून राहावा पण विरघळू नये तसं, आणि मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून नवी पानं पिवळी, कारण जुन्या पानातलं लोह झाड काढून नव्याला देऊ शकत नाही.

मी पीएचचं किट आणलं, गार्डन सेंटरला मिळतं, नळीत माती आणि पावडर घालून हलवायचं आणि रंग जुळवायचा. आमची माती ७.५ निघाली. त्यातून झाडं लावली होती पॅटिओच्या कडेला, खणलं तर तिथे बांधकामाच्या वेळचे मॉर्टरचे, म्हणजे विटा जोडायच्या सिमेंट-चुन्याच्या मसाल्याचे, तुकडे. एक तुकडा वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर फसफसून फेस आला. ही टेस्ट तुम्ही पण करा, फुकट आहे, भिंतीजवळची किंवा फरशीजवळची मूठभर सुकी माती घ्या आणि चमचाभर व्हिनेगर टाका, फसफसली तर त्या जागी अझेलिया लावूच नका, कितीही छान दिसत असली जागा तरी. फसफसली नाही म्हणजे माती आम्ल आहे असं मात्र समजू नका, त्यासाठी किटच लागतं.

पण सगळ्यात मोठा गुन्हेगार नळाचं पाणी. आमच्याकडे किटलीत दोन आठवड्यांत पांढरा थर बसतो, खरवडला तर कपच्या निघतात, तो सगळा चुना. लंडन आणि थेम्सच्या या पट्ट्यातलं पाणी खडूच्या खडकातून येतं, लिटरला २५० मिलीग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच कॅल्शियम कार्बोनेट इतकं कठीण. जरा हिशेब करा, १० लिटरची एक बादली म्हणजे अडीच ग्रॅम चुनखडी. आठवड्याला तीन बादल्या, उन्हाळ्याचे वीस आठवडे, झाले १५० ग्रॅम. दरवर्षी दीडशे ग्रॅम चुनखडी त्या एवढ्याशा वाफ्यात मी माझ्या हाताने घातली, तीही दुष्काळात झाड वाचावं म्हणून. म्हणजे जितकं जास्त पाणी तितकं जास्त पिवळं. आणि जुलैच का, तर तोपर्यंत पावसाचं पाणी संपून नळाचं पाणी सुरू झालेलं असतं आणि नेमका तेव्हाच नवा फुटवा आलेला असतो.

हे झाड मूळचं कुठलं ते कळल्यावर मला सगळं जास्त नीट समजलं. आमची हिनो क्रिमसन कुरुमे अझेलिया या गटातली, आणि ही बुटकी कुरुमे जपानच्या दक्षिणेला क्युशू बेटावरची, तिचे रानटी पूर्वज किरिशिमा वगैरे ज्वालामुखींच्या डोंगरांवर वाढतात, माती ज्वालामुखीची, आम्ल, भुसभुशीत, पाणी धरणारी पण न साचवणारी. तिकडे एप्रिल-मेमध्ये फुलं होतात आणि जून लागला की त्सुयु सुरू होतो, त्यांचा पावसाळा, दीड महिना तरी. म्हणजे फुलं संपली, नवी पालवी फुटली आणि लगेच पाऊस, आपल्याकडे मृग लागतो तसं. या झाडाच्या अंगात हे घड्याळ बसलेलं आहे. उन्हाळ्यात फुटव्याच्या टोकाला ते पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतं आणि त्यावेळी त्याला भरपूर, मऊ, पावसाचं पाणी हवं असतं. दक्षिण इंग्लंडात बरोबर त्याच वेळी माती सुकते. जपानमध्ये तर अझेलियाचं वेड जुनं आहे, १६९२ मध्येच नुसत्या अझेलियांच्या जातींवर तिकडे सचित्र ग्रंथ निघाला होता, इतो इहेई नावाच्या एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, माळ्याचा. आणि सात्सुकी नावाच्या दुसऱ्या जपानी अझेलियाची बोन्साय करणारे लोक कानुमा नावाची पिवळसर, हलकी, आम्ल ज्वालामुखीची माती वापरतात, ती सुकली की रंग फिका पडतो त्यामुळे पाणी कधी द्यायचं ते डोळ्यांनी कळतं. इथे ऑनलाइन मिळते पण महाग आहे, छोट्या कुंडीलाच परवडते.

इंग्लंडात ही झाडं होतच नाहीत असं नाही, हे पण स्पष्ट सांगते. आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत विंडसर ग्रेट पार्कच्या व्हॅली गार्डन्समध्ये पंच बोल नावाची जागा आहे, खोलगट दरीच्या उतारावर नुसत्या कुरुमे अझेलिया, मेच्या सुरुवातीला गेलात तर डोळे दिपतात. रिचमंड पार्कमधल्या इझाबेला प्लांटेशनमध्येही आहेत, तिथे विल्सन फिफ्टी म्हणून संग्रह आहे, अर्नेस्ट विल्सन नावाचा वनस्पती गोळा करणारा माणूस १९१८ मध्ये क्युशूवरच्या कुरुमे गावाला गेला होता, त्याने निवडलेल्या ५० जाती. मी दरवर्षी बघायला जायचे आणि मनात यायचं की एवढ्या जवळ हे फुलतं मग माझ्याकडेच का नाही. उत्तर पायाखाली आहे, पंच बोलची जमीन वाळूची आणि आम्ल, वर मोठ्या झाडांची विरळ सावली, खाली त्यांचाच पालापाचोळा. आमची चुन्याची चिकणमाती. वीसेक किलोमीटरमध्ये एवढा फरक.

आता काय केलं ते. उरलेली दोन झाडं त्याच ऑक्टोबरमध्ये काढली. अझेलियाचा एक मोठा फायदा, मुळं आवळलेली आणि उथळ असल्यामुळे हे झाड हलवायला सोपं, ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चमध्ये हलवलं तर कुरकुर करत नाही. काढल्यावर दोन्ही गड्डे पावसाच्या पाण्याच्या टबात पूर्ण बुडवले, वर वीट ठेवली कारण ते तरंगत होते, यावरूनच आत किती कोरडं होतं ते कळा. बुडबुडे यायचे थांबायला पाऊण तासाच्या वर लागला. हे का करायचं, तर ही रोपं नर्सरीत बहुतेकदा पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) मिश्रणात वाढवलेली असतात, पीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेतच नाही, वरून घातलेलं पाणी कडेकडेने निघून जातं, म्हणून जमिनीवर ओल दिसते आणि आत काही पोचत नाही. नवीन रोप आणाल तेव्हाही लावायच्या आधी बुडवाच, दुकानात ओलं वाटलं तरी.

मग बोटांनी, आणि जिथे बोट शिरेना तिथे जुन्या काट्याने, बाहेरची गोल फिरलेली मुळं हळूहळू सोडवली. थोडी तुटली, तुटू दे. ही पायरी सोडली तर मुळं कुंडीच्या आकाराबाहेर पडतच नाहीत, आमच्या मेलेल्या झाडाने दाखवलं तसं. एक झाड रुंद कुंडीत लावलं, ४० सेंमी रुंदीची, खोल नको, रुंद हवी. दुसऱ्यासाठी नवऱ्याने लाकडी स्लीपर्सचा, म्हणजे जाड चौकोनी ओंडक्यांचा, ३० सेंमी उंचीचा वाफा केला, पॅटिओपासून लांब, जिथे सकाळचं थेट ऊन नाही. दोन्हीत इरिकेशियस कंपोस्ट, म्हणजे आम्ल माती आवडणाऱ्या झाडांसाठीचं असतं ते, पीट-फ्री घेतलं, त्यात बारीक पाइन बार्क, म्हणजे पाइनच्या सालीचे तुकडे, मिसळली. जमिनीत खड्डा करून त्यात इरिकेशियस कंपोस्ट भरू नका, मी २०१९ ला तेच केलं होतं, एक-दोन वर्षांत आजूबाजूच्या मातीतलं चुन्याचं पाणी आणि गांडुळं मिळून तो खड्डा पण आजूबाजूसारखाच करून टाकतात. माती सातच्या वर असेल तर कुंडी किंवा उंच वाफा, दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडला नाही.

लावताना गड्ड्याचा वरचा भाग मातीच्या पातळीपेक्षा दोन बोटं वरच ठेवला. बघताना विचित्र दिसतं, हात शिवशिवतात माती ओढायला, नका ओढू. वर दोन इंच बार्कचा थर, खोडाला न चिकटता, खोडाभोवती मूठभर जागा मोकळी. पाइनच्या सुया किंवा कुजलेला पाचोळा असेल तरी उत्तम. मशरूम कंपोस्ट नावाचं स्वस्त मिळतं ते मात्र नको, त्यात खडू असतो. आळं नाही, खुरपणी नाही, तण दिसलं तर हाताने उपटायचं, बस. दरवर्षी मार्चमध्ये बोटाने उकरून बघते, खोडाला जिथून पहिली मुळं फुटतात ती जागा दिसतेय ना. दिसली नाही तर बार्क बाजूला करते.

पाण्यासाठी शेडच्या छताला पन्हळ लावून खाली २०० लिटरचा वॉटर बट, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं पिंप, ठेवला. छत दोन बाय तीन मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर, एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तर नुसता ५ मिमी पाऊस झाला तरी ३० लिटर जमतं. दोन झाडांना पुरून उरतं बहुतेक वर्षी. संपलंच तर? तर नळाचं पाणी द्या, झाड कोरडं ठेवण्यापेक्षा चार आठवडे कठीण पाणी परवडलं, पुन्हा पाऊस पडला की चुना थोडाफार धुऊन जातो. एकच कुंडी असेल तर पाणी उकळून पूर्ण गार करून वरचं निवळ द्या, उकळल्यावर बराच चुना किटलीतच बसतो, तोच तो थर. घरात मिठावर चालणारा वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी मात्र देऊ नका, त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतं. व्हिनेगर मिसळून पाणी द्यायचं का असं मला बऱ्याच जणींनी विचारलं, मी देत नाही, किती घातलं की किती फरक पडतो हे घरी मोजता येत नाही आणि फरक टिकतही नाही. चहाच्या चोथ्याने माती आम्ल होते हा पण एक गोड गैरसमज आहे, पीएच फारसा हलत नाही, आणि आपला चोथा दूध-साखरेचा, त्यावर बुरशी आणि चिलटं. कंपोस्टच्या ढिगात टाका, तिथे तो छान.

लोहाचं टॉनिक, सिक्वेस्टर्ड आयर्न म्हणून मिळतं, वाईट नाही. मी लावणी बदलल्यावर पहिल्या एप्रिलला एकदा आणि जूनमध्ये एकदा दिलं, पानं तीन आठवड्यांत हिरवी झाली आणि या वेळी हिरवीच राहिली. आधीच्या दोन वर्षांत तेच टॉनिक देऊनही परत परत पिवळी पडत होती कारण खालून चुना चालूच होता. म्हणजे तापावर पॅरासिटामॉल दिल्यासारखं, ताप उतरतो पण इन्फेक्शन तसंच. उंच वाफ्याची माती पुढे हळूहळू वर सरकू नये म्हणून गंधकाची पूड घालता येते, पाकिटावर दिलंय तेवढीच, ती मातीतले जिवाणू सावकाश आम्लात बदलतात, त्याला काही महिने लागतात आणि माती उबदार लागते, म्हणून वसंतात घाला आणि लगेच परिणामाची वाट बघू नका. ॲल्युमिनियम सल्फेट, जे हायड्रेंजिया निळी करायला वापरतात, ते अझेलियाला नको.

आता कळ्यांचं. २०२३ च्या वसंतात पानं हिरवीगार झाली पण फुलं मोजून नऊ. मी खचले होते, वाटलं अजून काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं, २०२३ च्या कळ्या २०२२ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात धरायच्या होत्या, त्या धरल्याच गेल्या नाहीत, ज्या धरल्या त्या वाळल्या. म्हणून उपाय केल्यावर एक पूर्ण वर्ष थांबा, फुलं बघून निकाल लावू नका, जुलैची पानं बघून लावा. २०२४ च्या मेमध्ये वाफ्यातलं झाड असं फुललं की पान दिसेना, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, हे तेच का? याला काय घातलंस?" म्हटलं, आई, काही घातलं नाही, तुझी भर काढली. दोघी हसलो.

कळ्या वाळण्याची बाकी कारणं पटकन सांगते. एक म्हणजे उशिरा छाटणी. या झाडाला आकार द्यायचा तर फुलं सुकल्या सुकल्या, मेअखेर ते जून, त्यानंतर कात्री लावली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापता. जपानी बागांमध्ये ती गोल गोल ढगांसारखी छाटलेली असतात ना, ती छाटणी पण फुलांनंतर लगेचच होते. दुसरं म्हणजे पूर्वेकडची जागा, रात्री दहिवर पडून कळी गोठते आणि सकाळचं थेट ऊन पडून एकदम वितळते, त्यात ती मरते, तेच ऊन दोन तास उशिरा आलं तर वाचते. एप्रिलमध्ये रात्री फ्रॉस्टचा इशारा असेल तर मी जुनी सुती चादर टाकते, सकाळी काढते. प्लास्टिक टाकू नका.

मेमध्ये कधी कधी पानं किंवा कळ्या फुगून फिकट हिरव्या, मेणासारख्या गाठी होतात, कोवळ्या आवळ्यासारख्या दिसतात, मग त्यावर पांढरी पूड येते. ती अझेलिया गॉल नावाची बुरशी, पांढरं व्हायच्या आधी हाताने तोडा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. फवाऱ्याची गरज पडत नाही, मी दोन वर्षं नुसतं तोडतेय आणि दरवर्षी कमी होतंय.

एका केसमध्ये मात्र वरचं सगळं लागू होत नाही आणि वेळ दवडू नका. माती ओली आहे, कंपोस्ट बरोबर आहे आणि तरी अख्खं झाड अचानक मान टाकतंय, कुंडीतलं असेल तर विशेषतः. पानांच्या कडा बघा, तिकिटाला कातरतात तशा खाचा आहेत का. असतील तर व्हाइन वीव्हिल. काळा भुंगेरा रात्री पानं खातो, ते एवढं गंभीर नाही, पण त्याच्या अळ्या मातीत मुळं खातात. झाड कुंडीतून काढा, माती झटका, पांढऱ्या, बाकदार, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील, बोटाच्या पेराच्या निम्म्या. हाताने वेचून काढा, आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये नेमाटोडचं (अळ्या मारणाऱ्या सूक्ष्म कृमींचं) पाकीट पाण्यात कालवून घाला, माती ५ डिग्रीच्या वर असताना. शेजारच्या आजींच्या कुंडीत सत्तावीस निघाल्या होत्या, आम्ही दोघींनी वर्तमानपत्रावर माती पसरून मोजल्या. त्यांचं झाड वाचलं, निम्मं.

खत मी आता वर्षातून दोनदाच देते, इरिकेशियस फीड, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं, एकदा फुलांनंतर आणि एकदा जूनअखेर, जुलैनंतर बंद. कुंडीतलं झाड दर दोन-तीन वर्षांनी काढून माती बदलायची. आणि घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर सांगून ठेवते, अझेलियाची पानं-फुलं विषारी असतात, जास्वंदीसारखी तोंडात घालायची नाहीत.

पुण्याच्या बहिणीने विचारलं तिच्या गच्चीत लावू का, तिला मी नको म्हटलं. मार्च ते मेचं ऊन आणि बोअरचं कठीण पाणी, दोन्ही याच्या विरुद्ध, फुललेली कुंडी आणून महिनाभर घरात ठेवायची हौस असेल तर ठेव म्हटलं.

या आठवड्यात तुमची झाडं पिवळी दिसत असतील तर आधी बोटाने बुंधा उकरा, खोड किती खाली गेलंय बघा, मग एक बारीक काडी गड्ड्याच्या मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी कोरडी निघाली तर बाकी सगळं सोडा आणि आजच संध्याकाळी बादलीत बुडवा. जमिनीतलं असेल आणि आत्ता काढता येत नसेल तर गड्ड्यात काट्याने चार-पाच भोकं पाडून त्यातून पावसाचं पाणी अगदी हळू, अर्धा तास थांबून थांबून घाला, आणि ऑक्टोबरमध्ये हलवा.